दुसरं रीळ

घोडेगावच्या पत्र्याच्या टॉकीजचा ऑपरेटर सिनेमे दुरुस्त करायचा. रटाळ रीळ सरळ गाळायचा. मला म्हणायचा, "लोकांला बैलं घेऊन घरी जायचंय, मास्तर."

एका बाजाराच्या दुपारी स्वस्तातला, बिनगाण्यांचा प्रेमपट लागला. दारुडा नायक, पिचलेली नायिका, शेवटी ताटातूट. शहरात याला कलात्मक म्हणतात.

त्या खेळाला बायकांच्या बाजूला ऑपरेटरची बायको बसली होती. ती त्याला सोडून माहेरी, तिसगावला राहायची; भावाबरोबर बाजाराला आली होती. ऑपरेटरनं ताटातुटीचं रीळ डब्यातच ठेवलं आणि नायक-नायिका पहिल्यांदा हसतात ते दुसरं रीळ पुन्हा चढवलं.

"अरे, हे मघाशी झालं," केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसलेला मी म्हणालो.

"परत हुं द्या की," तो झरोक्यातून खाली बघत म्हणाला.

शिट्ट्या सुरू झाल्या. ती उठली, पदर सावरला आणि भावामागे निघून गेली. त्यानं रीळ शेवटपर्यंत चालवलं.