अर्धयक्षाची नववी पायरी

ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली, तर ती ब्लेडनं हलकेच खरवडायची, मग तेवढा भाग नखानं घासून गुळगुळीत करायचा. तिथं कधी रेघ होती हे मग सांगूनही कोणाला पटत नाही. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेलं चित्र शाईनं गिरवायचं हे माझं काम, आणि खरवडण्यात माझा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं. हे मी बढाई मारायला सांगत नाही. पुढं जे झालं त्याचं मूळ या खोडीत आहे, म्हणून आधी सांगून टाकते.

ते दिवस नव्या कारखान्यांचे होते. वाळूजकडे दर महिन्याला नवी शेड उभी राहायची आणि त्याच रस्त्यानं मोर्चे यायचे. शहरातल्या एका भिंतीवर विद्यापीठाचं नामांतर झालंच पाहिजे असं रंगवलेलं असे, तर समोरच्या भिंतीवर नेमकं त्याच्या उलट. कंपनीची बस त्या दोन भिंतींमधून जायची आणि बसमध्ये तो विषय कोणीही काढायचा नाही, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. मला हे मुकेपण आवडायचं नाही, पण मीही काढत नव्हते.

आमच्या डिझाइनच्या साहेबांचा भाऊ अमेरिकेत होता. त्यानं एका खेळाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठवलं. खेळ असा, की एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. आपलं पात्र काय करणार ते आपण बोलायचं, जमलं की नाही ते फाशानं ठरायचं. पराक्रम केला की पात्र एकेक पायरी वर चढायचं. साहेब सोयगावकडच्या बड्या शेतकरी घरातले, छावणीत भाड्याच्या खोलीत एकटे राहायचे, आणि सुट्टीचा दिवस त्यांना खायला उठायचा. म्हणून ते गोष्ट सांगणारे सूत्रधार झाले आणि आम्ही तिघं त्यांच्या व्हरांड्यात जमू लागलो. एक मी. दुसरा टूलरूममधला टर्नर, गुलमंडीच्या मागं राहणारा. पुस्तकात वीस बाजूंचा फासा लागतो असं वाचल्यावर त्यानं भंगारातल्या पितळेचा तुकडा घासून तो स्वतः बनवला. आणि तिसरी माझी मैत्रीण. ती इन्स्पेक्शनला होती, दिवसभर व्हर्नियर घेऊन पार्ट मोजायची. नामांतराच्या दंगलीत गावातलं घर जळाल्यावर तिचं कुटुंब शहरात आलं होतं. तिचा भाऊ प्रत्येक मोर्चात असायचा. हे तिनं मला एकदाच सांगितलं, डबा खाता खाता, आणि लगेच लोणचं पुढं केलं.

पुस्तक इंग्रजीत, खेळ मराठीत. म्हणून भाषांतराचं काम माझ्याकडे आलं. दोनशे पानी वहीत मी ते उतरवत गेले. त्यात माणसं होती, त्यांना माणसंच ठेवलं. डोंगरातल्या लांब कानांच्या देखण्या लोकांना यक्ष म्हटलं, सुळेवाल्यांना राक्षस. आणि मग मिश्र कुळाच्या पात्रांचं पान आलं: अर्धयक्ष आणि अर्धराक्षस.

मी अर्धयक्ष घेतला. विचार करायला एक क्षणही लागला नाही.

माझ्या वडिलांचं घर मेंढपाळांचं. आईचं घर गावच्या पाटलांचं. सुगी झाली की माझे आजोबा मेंढरं घेऊन पाटलांच्या रानात उतरायचे. मेंढरं रात्री शेतात बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत शेताला मिळायचं, आणि त्या बदल्यात पाटील धान्य घालायचे. दर वर्षीचा हा रिवाज. त्या धान्याची पाटी घेऊन येणारी मुलगी म्हणजे माझी आई. दोघं शहरात पळून आले, वडील कारखान्यात लागले. आईच्या गावी गेलं की मी धनगराची पोर, वडिलांच्या वस्तीवर गेलं की पाटलाची. लग्नकार्यात मला कोणत्या पंगतीत बसवायचं यावर कुजबुज व्हायची, आणि मी मुद्दाम मधोमध बसायचे. चिडका स्वभाव माझा तिथूनच आला असावा.

तर अर्धयक्षाचं पान उतरवताना तळाशी एक ओळ आली. अर्धयक्षाला आठव्या पायरीच्या वर चढता येत नाही. माणसाला मात्र अशी कुठलीच अडचण नाही, तो कुठवरही जावो.

मी पेन खाली ठेवलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. सातासमुद्रांपलीकडे कोणीतरी, मला न ओळखता, माझ्या पंगतीचा प्रश्न सोडवून ठेवला होता. मी ती ओळ उतरवलीच नाही. पान अशा सफाईनं बसवलं, की काही सुटलंय असा संशयही येऊ नये. मग उलटून पुढचं पान घेतलं आणि काम पुढं चालू केलं.

चारेक महिने खेळ रंगला. माझा अर्धयक्ष तिरंदाज लढाया मारत पायऱ्या चढत होता. टर्नरचा मनुष्य योद्धा प्रत्येक पुलावरून पडायचा, कारण त्याचाच फासा त्याला साथ देत नव्हता. मैत्रिणीची होती अर्धराक्षस वैद्य. सुळे असलेली आणि जखमा बांधणारी. खेळात ती सगळ्यांना वाचवायची, पण चौथ्या पायरीवर येऊन थांबली होती. त्याबद्दल कोणी काही बोलत नव्हतं. तीही नाही.

एका दुपारी माझा तिरंदाज नवव्या पायरीवर पोचला. नववीला कोणती नवी शक्ती मिळते ते माझ्या वहीत नव्हतं, म्हणून सूत्रधारांनी मूळ पुस्तक उघडलं. त्यांनी बोट पायऱ्यांच्या तक्त्यावर फिरवलं आणि ते थांबलं.

"इथं तर रेघ मारली आहे," ते म्हणाले. "अर्धयक्ष आठवर संपतो. हे वहीत का नाही?"

खोटं बोलायचं मनात आलं नव्हतं असं नाही. पण मी सांगून टाकलं, की मी ते लिहिलं नाही, कारण मला ते पटलं नाही.

सूत्रधार रागावले. त्यांचं म्हणणं साधं होतं. नियम छापलेला आहे, सगळ्यांना सारखा आहे, आणि प्रत्येकानं आपल्या सोयीनं एकेक ओळ गाळली तर खेळ कसला राहिला? तेव्हा मैत्रीण माझ्या बाजूनं बोलली. आवाज न चढवता.

"साहेब, लिहिलेलं बदलतच नसतं, तर आमची माणसं एका नावासाठी इतकी वर्षं रस्त्यावर कशाला असती?"

बसमध्ये जे कोणी काढत नव्हतं ते चहाच्या कपांमध्ये येऊन बसलं होतं. सूत्रधारांनी पुस्तक मिटलं. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात तिनं वही आपल्याकडे ओढली आणि पानं उलटत अर्धराक्षसाच्या पानावर आली. तिथं माझ्या सुंदर अक्षरात, खाली पट्टीनं रेघ ओढून लिहिलेलं होतं: अर्धराक्षस वैद्य झाल्यास चौथ्या पायरीच्या वर जाऊ शकत नाही. चोर किंवा मारेकरी झाल्यास हवं तितकं वर जाऊ शकतो.

"ही ओळ तेवढी बरी ठिवलीस," ती म्हणाली.

त्यावर मी जे बोलले ते आणखी वाईट होतं. मी म्हणाले, तू तर कधी काही बोलली नाहीस.

"मला वाटलं, सगळ्यांनाच भिंत असंल. तू वर गेलीस तर म्हटलं, यक्षाचं रक्त हाय, तिला मोकळीक दिली असंल. तू तुझी भिंत गुपचूप काढलीस, आन् माझी पट्टी लावून बांधलीस."

ती उठली, चप्पल घातली आणि गेली. तिनं फाटक आपटलं नाही; आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती चोर झाली असती तर पुस्तक तिला कुठवरही जाऊ देणार होतं, वैद्य झाली तर नाही. हे मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं आणि लिहिताना माझं पेन अडखळलंसुद्धा नव्हतं. स्वतःच्या पानावर अंगाचा तिळपापड झालेली मी, तिच्या पानावर नुसती ट्रेसर होते. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

इन्स्पेक्शनच्या खोलीत ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. डबा वेगळा खाऊ लागली. असे तीन आठवडे गेले. शेवटी एका संध्याकाळी मी वडिलांना सगळं सांगितलं. खेळ त्यांना निम्माच कळला. राक्षस कोण, यक्ष कोण, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग ते माळ्याकडे बघत बसले. तिथं त्यांच्या वडिलांची वाघर गुंडाळून ठेवलेली होती. रानात मेंढरं बसवली की त्यांच्याभोवती लावायची ती सुतळीची जाळी.

"वाघर लावली की सांजच्याला पुरी फिरून बघायची," ते म्हणाले. "आपली मेंढरं बसत्यात तेवढीच बाजू बांधून भागत नाय. लांडगा पल्याडच्या बाजूनं येतो."

एवढं बोलून ते चहा प्यायला लागले. माझी समजूत घालायची त्यांना गरज वाटली नाही, आणि ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी गुलमंडीवरून मी नवी दोनशे पानी वही आणली. ठरवलं, सगळं पहिल्यापासून उतरवायचं, आणि जे बदलायचं ते चारचौघांत सांगून बदलायचं. आधी सूत्रधारांकडे गेले. म्हटलं, कोणत्याच पात्राला कुठंच थांबा नको, नाहीतर मी खेळणार नाही. त्यांनी मूळ पुस्तक हातात फिरवलं. मग म्हणाले, "मग माणसाला काय उरलं? त्याला तेवढंच तर जास्तीचं होतं." हे ते खेळाबद्दल म्हणाले की गावाबद्दल, मला आजही सांगता येणार नाही. मी म्हणाले, माणसानं दुसरं काहीतरी कमवावं. टर्नर कोपऱ्यात बसून फासा पुसत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "लकीर रही तो पासा मैं घर कू ले जातूं, साहब." त्याचा योद्धा माणूसच होता, त्याचं तर नुकसानच होणार होतं. सूत्रधार हसले. पहिल्यांदा थोडं, मग मोकळेपणानं. मूळ पुस्तक त्यांनी ट्रंकेत टाकलं.

महिनाभर मी लिहीत होते. जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये मांडीवर वही ठेवून. बोटाला घट्टा पडला. फक्त मिश्र कुळांचं पान जमेना. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा पान फाडलं. प्रत्येक वेळी मी तिला काहीतरी बहाल करते आहे असं वाटायचं, आणि ते तिला चालणार नव्हतं. शेवटी ते पान कोरं ठेवलं आणि वही घेऊन इन्स्पेक्शनला गेले.

तिनं व्हर्नियर बाजूला ठेवला. वही पहिल्या पानापासून चाळली. एखादा पार्ट तपासावा तशी, घाई न करता. कोऱ्या पानावर आल्यावर वर बघितलं.

"हे का सोडलं?"

"तू लिही," मी म्हणाले. "माझी चूक झाली. मी फक्त माझीच बाजू बघितली."

तिनं कोरं पान तळहातानं सपाट केलं. मग माझ्या हातातलं शाईचं पेन घेतलं. तिला त्या पेनाची सवय नव्हती. मोठ्या, तिरप्या अक्षरात तिनं लिहिलं: दोन कुळांच्या पात्राला दोन्ही कुळं पुरी. थांबा नाही. शेवटच्या अक्षरावर पेन दाबलं गेलं आणि शाईचा मोठा डाग पडला.

माझा हात आपोआप ॲप्रनच्या खिशात गेला. ब्लेड बाहेरही आलं.

"खरवडू नको," ती म्हणाली. "दिसू दे."

मी ब्लेड परत खिशात ठेवलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या आठवड्याच्या सुट्टीला ती व्हरांड्यात आली, टर्नरनं पितळेचा फासा सगळ्यांत आधी तिच्या हातात दिला, आणि तिची सुळ्यांची वैद्य पाचव्या पायरीवर चढली.