वरच्या फळीचं माप

पौषातलं धुकं टेकडीवरून उतरून देवासच्या गल्लीत शिरलं होतं. अशा गारठ्यात लाकूड जोडायचा सरस लवकर धरत नाही. सुभाषनं काल जोडलेल्या चौकटीला आवळलेले शिकंजे म्हणूनच सोडले नव्हते. त्यानं सांधा बोटानं दाबून पाहिला आणि रंधा हातात घेतला, तेवढ्यात धारहून विनोदिनीबाईंचा फोन आला.

"सुभाषराव, फडताळ देखणं झालंय हो. पण वरच्या फळीला माझा हात पोचत नाही."

"असं कसं होईल, बाई? माप बरोबर आहे."

"असेल. मी स्टुलावर चढते नि नैवेद्याची वाटी काढते. पडेन एखाद दिवशी."

सुभाषनं फोन ठेवला आणि कोपऱ्यातल्या पट्टीकडे बघितलं. सात फुटी सागाची पट्टी. तिच्यावर आकडे नव्हते, तीनच खुणा होत्या: कोपर, खांदा आणि वर केलेल्या हाताची बोटं. तिन्ही शशिकलेच्या. तीस वर्षांपूर्वी त्यानं कारखाना सोडून स्वतःचं सुतारकाम मांडलं, तेव्हा बायकोच म्हणाली होती, "स्वयंपाकघर बाईच्या अंगानं मोजावं." तेव्हापासून प्रत्येक ओटा, प्रत्येक कपाट या पट्टीवर बेतलेलं. शशी जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या फोटोवरची धूळ राहून जायची, पट्टी मात्र तो रोज पुसायचा.

शेजारचा रणवीर तयार किचनं बसवायचा. फोनवरचं बोलणं ऐकून तो चहाचा ग्लास घेऊन दारात आला. "काका, इंची टेप ले जाओ, टेप! ये डंडे का जमाना गया. एक अलमारी वापस आई ना, तो पूरे देवास में बात फैलेगी."

"फैलने दे," सुभाष म्हणाला. बोभाटा व्हायची त्याला भीती नव्हती. पट्टी चुकली तर शशी चुकली, एवढंच त्याला सोसणार नव्हतं. तिचं या घरात आणखी उरलं होतं काय?

हत्यारांच्या पिशवीसोबत पट्टीही घेऊनच तो बसमध्ये चढला. इंदूरला गाडी बदलताना कंडक्टरनं ती वरपासून खालपर्यंत न्याहाळली. "काका, ये कहाँ ले जा रिये हो? इसका टिकट पूरा लगेगा के आधा?"

"पूरा," सुभाष म्हणाला. कंडक्टर हसला. सुभाष हसला नाही.

विनोदिनीबाई धारला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. सासरे संस्थानात कारकून होते, नवरा दत्तोपंत मास्तर. दोघंही आता भिंतीवर. सुभाषनं पायातलं काढलं, थेट स्वयंपाकघरात गेला नि पट्टी फडताळाला लावली. खूण आणि फळी, एका रेषेत. सुताचाही फरक नाही.

"बघा बाई, ही आमच्या मंडळींच्या हाताची खूण. बरोबर पोचतं."

"पट्टीला पोचतं हो. मला नाही पोचत."

"दाखवा बरं हात वर करून."

बाईंनी हात वर केला. बोटं फळीच्या चार बोटं खाली राहिली. मग बांगड्या कोपराकडे घसरल्या, बाई ताणल्या, आणि बोटं फळीला जेमतेम टेकली. सुभाषनं खाली बघितलं. बाईंच्या दोन्ही टाचा जमिनीवरून उठल्या होत्या.

त्याची नजर टाचांवरून पट्टीवरच्या खुणेकडे गेली.

ती खूण केली त्या दिवशी तो स्टुलावर उभा होता. पेन्सिल शशीच्या बोटांपाशी, नजर वर. खाली तिला हसू आवरत नव्हतं. "लवकर कर की खूण, किती वेळ उभी राहू अशी?" अशी म्हणजे कशी, ते त्यानं तीस वर्षांत विचारलं नव्हतं. घरात वरचा डबा काढायला ती पाटावर चढायची. त्याला वाटायचं, सवय आहे तिला.

"आपल्या मंडळी उंच होत्या का?" बाईंनी विचारलं.

"नाही. माझ्या खांद्याला जेमतेम लागायची."

"मग हे माप?"

"टाचा उचलल्या होत्या तिनं."

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. "मीही उचलल्या होत्या, लग्नाच्या फोटोत. हे सांगायचं असतं होय कुणाला?"

सुभाषनं फळीखालच्या लाकडी खुंट्या ठोकून बाहेर काढल्या, फळी चार बोटं खाली घेतली, नवी भोकं पाडली. जुनी भोकं सागाच्या बुचांनी बुजवली. बाईंनी टाचा न उचलता वाटी काढली, परत ठेवली, पुन्हा काढली.

"ती खूण खोडणार का आता?"

त्यानं पट्टी उलटी केली, कोऱ्या बाजूवर बाईंच्या हाताची खूण केली. भाकरी खाऊन जा म्हणाल्या, तर बस चुकेल म्हणाला.

दिवेलागणीला तो घरी पोचला. पट्टी कोपऱ्यात उभी केली, शशीची बाजू पुढं ठेवून. पुण्याहून मुलाचा, अभिषेकचा फोन आला. "पापा, कंबर कशी आहे? किती वेळा बोललो, ओटा उंच करवून घ्या. तुम्हीच तर मिस्त्री आहात."

"करू," सुभाष म्हणाला.

ओटा शशीच्या कोपराला बेतलेला होता, त्याला फार खाली पडायचा. त्यानं पट्टीवरच्या कोपराच्या खुणेवर अंगठा ठेवला. ही खूण टाचा टेकवून झाली की उचलून? आता कुणाला विचारणार?

मग त्यानं परातीत दोन पोळ्यांपुरती कणीक घेतली, मीठ टाकलं, आणि ओट्यावर वाकून मळायला लागला.