साहेब, डबी आणि मुंगीचे डोळे

कॅमेऱ्यांच्या दुकानात काउंटरमागे ती उभी राहिली आणि बोलायला लागली की गिऱ्हाईक आपसूक स्टूल ओढून बसायचं. दुकानात सगळे तिला काउंटरताई म्हणायचे. तोंडाने एवढी गोड की मालक म्हणायचे, "ही बाई आंधळ्याला आरसा विकेल." त्यावर ती म्हणायची, "विकेन, पण परत घेणार नाही." सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तर काउंटरवर कोपर टेकायला जागा नसायची. तेव्हा फोन नुसते बोलण्यापुरते होते. त्यात कॅमेरा असलाच तर त्याने काढलेला माणूस धुक्यातून चालत आल्यासारखा दिसायचा. म्हणून ज्याला त्याला खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा हवा असायचा.

एक निवृत्त काका आले होते.

"किती मेगापिक्सेल?"

"दहा."

"शेजाऱ्याकडे बाराचा आहे."

"मग शेजाऱ्यालाच बोलवा की फोटो काढायला! काका, फोटो काढायचेत कुणाचे?"

"नातीचे. दीड वर्षाची आहे."

"एका जागी बसते?"

"छे हो. पारा आहे नुसता पारा."

"मग मेगापिक्सेल ठेवा गुंडाळून. बटण दाबल्यावर फोटो किती वेळाने निघतो ते बघा. नात निघून गेल्यावर सोफ्याचा सुंदर फोटो आला तर काय करणार आहात त्याचं?"

काका हसले, तिनं दाखवला तो साधा कॅमेरा घेऊन गेले. ती हसली नाही. तिची स्वतःची मुलगी त्या वेळी घरी होती, आणि दुकानातला फोन वाजला की ही बोलणं अर्धवट सोडून तो उचलायला धावायची.

मुलगी सहा वर्षांची. अंगानं एवढीशी, म्हणून मुंगी. वर्षभरापासून मुंगी मधेच थांबायची. घास तोंडात असायचा, नजर कुठेतरी जायची, बोटं फ्रॉकची कड चिवडायला लागायची. हाक मारा, हलवा, काही नाही. मग डोळे मिटून भिंतीला टेकायची आणि उठल्यावर विचारायची, "आई, मी परत बंद पडले का गं?" घरातल्या जुन्या पंख्यासाठी आजी जो शब्द वापरायची, तोच तिनं स्वतःला लावून घेतला होता.

मुंगीचे बाबा लांबच्या मार्गावर ट्रक चालवायचे. वाटेतून फोन करून विचारायचे, "आज?" आणि ही म्हणायची, "एकदा." किंवा, "दोनदा." एवढंच त्या दोघांचं बोलणं उरलं होतं.

डोक्याला वायरी लावून तपासणी झाली. कागद स्वच्छ आला. डॉक्टरबाई गंभीर, कमी बोलणाऱ्या. त्यांनी टेबलावर दोन पेनं शेजारी शेजारी ठेवली.

"दिसायला सारखे, असे हे दोन आजार आहेत. औषधं वेगळी. ह्याचं औषध त्याला दिलं तर झटके वाढतात. आणि तुमची मुलगी माझ्यासमोर कधीच थांबत नाही."

"मी सांगते ना कसं होतं ते..."

"तुम्ही सांगता, नजर वर जाते. आजी सांगतात, डावीकडे जाते. मी कुणाचं ऐकू? मला सुरुवात बघायची आहे. सुरुवात आणि डोळे. कॅमेरा आहे घरी?"

काउंटरताईला हसूच आलं, वेड्यासारखं. "कॅमेऱ्यांच्या दुकानातच असते मी."

मालकांना तिनं त्याच दिवशी सांगितलं. ते ऐकून घेत कपाळावरचा चष्मा खाली-वर करत राहिले. मग त्यांनी कपाट उघडलं. "लोकांना हाताळायला ठेवलेल्यांतला कुठलाही ने. कुठला नेतेस?"

तिनं क्षणाचाही विचार केला नाही. सगळ्यात महागाचा उचलला. जाडजूड, भिंग मोठं, अंधाऱ्या खोलीतही पापणीचा केस न् केस वेगळा दाखवणारा. दुकानात त्याला सगळे साहेब म्हणायचे, कारण बटण दाबल्यावर तो उठायचा साहेबासारखा. आधी नळी बाहेर काढणार, मग घुर्र करणार, मग समोर काय आहे याचा विचार करणार.

"साहेब?" मालक म्हणाले. "लोकांना तर डबी विकतेस."

डबी म्हणजे झाकण सरकवलं की चालू होणारा, साबणाच्या वडीएवढा कॅमेरा. उजेड कमी झाला की त्यातलं चित्र ओल्या बोटानं पुसल्यासारखं व्हायचं.

"डॉक्टरांना डोळे बघायचेत," ती म्हणाली. "डोळ्यांच्या बाबतीत मी तडजोड करणार नाही."

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," मालक पुटपुटले, पण साहेब त्यांनी स्वतःच पिशवीत घालून दिला.

घर म्हणजे एका वाड्याच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत दिवसाही दिवा लागायचा, बाहेरच्या खोलीला एकच खिडकी. पहिल्याच सकाळी दूध पिताना मुंगीचा पेला हवेत थांबला. हिनं झेप घेऊन साहेब उचलला, बटण दाबलं. नळी आली. घुर्र झालं. मुंगीची बोटं फ्रॉक चिवडत होती. साहेब पेल्याकडे बघावं की नाकाकडे, ह्या विचारात. चौकट एकदा धूसर, एकदा स्वच्छ, पुन्हा धूसर. मग चित्रण सुरू झाल्याचा लाल ठिपका लागला आणि मुंगी म्हणाली, "आई, दूध सांडलं. मी नाही सांडलं."

ते चित्रण इतकं सुरेख होतं की ओठावरची दुधाची मिशी मोजून घ्यावी. डॉक्टरबाईंनी ते शेवटपर्यंत बघितलं.

"छान आलंय. पण हे झाल्यानंतरचं आहे."

मग तिनं साहेब सतत चालू ठेवायचं ठरवलं. तो थोडा वेळ कुणी हात लावला नाही की आपला आपण झोपायचा. जागा ठेवला तर संध्याकाळच्या आत बॅटरी संपायची. चार्जरला असताना मुंगी बंद पडली. तिपाईवर लावला तेव्हा मुंगी तिपाईमागे बंद पडली. एकदा सगळं जुळून आलं, तर घाईत भिंगावरची टोपी काढायची राहिली. आवाज तेवढा आला. त्यात सासूबाईंचा होता, "अगं, पोरीला धर! आधी पोरीला धर!"

त्या दिवशी सासूबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला.

"पोर डोळ्यांदेखत जाते आणि ही यंत्र शोधते! माझ्या जन्मात असली आई बघितली नाही."

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी सांगितलं. आणि तुझ्या हातांनी काय सांगितलं?"

तिच्याकडे उत्तर होतं. औषध चुकलं तर मुंगी दिवसातून दहादा बंद पडेल. रस्ता ओलांडताना पडेल. जिन्यावर पडेल. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "तुम्ही एकदा तरी नीट सांगितलंत का, नजर कुठं जाते ते? डावीकडे म्हणे! तुमची डावी कुठली ते तरी माहितेय का तुम्हाला?"

सासूबाई उठून आत गेल्या. त्यांना एका डोळ्याने कमी दिसायचं. बोलून गेल्यावर हिला वाटलं, जीभ हासडून टाकावी.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेब परत नेला. मालकांनी डबी काढून तिच्यापुढे ठेवली.

"ह्याच्यात डोळे पुसले जातात हो," ती म्हणाली. "इथे दुकानाच्या आतल्या खोलीत मी काढून बघितलंय. चेहरा म्हणजे वाळू सांडल्यासारखा. सुरुवात मिळेल पण डोळे जातील. साहेबात डोळे मिळतात तर सुरुवात जाते. दोन्ही एकात का नाही बनवत ही माणसं?"

"बनवतात. खिशात मावत नाही." मालकांनी डबी तिच्याकडे सरकवली. "ताई, कॅमेरा बदलता येत नसेल तर उजेड बदल."

तेव्हापासून मुंगीचं सगळं आयुष्य खिडकीशी आलं. जेवण खिडकीशी. खेळ खिडकीशी. केस विंचरणं, अक्षरं गिरवणं, रुसणंसुद्धा खिडकीशी. आई दुकानातून बिनपगारी रजा घेऊन समोर बसलेली, डबी मुठीत, अंगठा झाकणावर.

"मी आत जाऊ?"

"नको राणी."

"शू लागलीय."

"मग पटकन जा. पटकन ये."

"पोर आहे की कुंडी?" सासूबाई आतून म्हणाल्या. भांडणानंतर त्या थेट बोलत नव्हत्या, भिंतीशी बोलायच्या. "उन्हात ठेवली की फूल येईल म्हणे."

आणि झटका येईना.

एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा होत आला. ट्रकवरून फोन. "आज?" "नाही." "अरे वा!" पलीकडून तो इतका खुश झाला की हिनं फोन लवकर ठेवला. सासूबाईंचाही आवाज मऊ झाला. "गेलं असेल गं. जातं असं लहानपणचं."

डॉक्टरबाईंनी दिलेली तारीख दोन दिवसांवर आली होती. ही मोरीत गेली, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडली. कारण मुंगीकडे बघत ती सकाळपासून मनात म्हणत होती, ये ना. आज तरी ये. एकदाच ये, माझ्यासमोर, उजेडात. स्वतःच्या लेकरासाठी आपण काय मागतोय हे तिला कळत होतं, आणि नळ बंद करून बाहेर आल्यावरही ती तेच मागत राहिली.

दुपारी ते आलं.

मुंगी खिडकीखाली बसून मणी ओवत होती. एकदम तिनं मान वर केली. "आई..." एवढंच. आवाज जरासा निराळा. अंगठ्यानं झाकण सरकवलं, लाल ठिपका लागला. उजेड भरपूर. इवल्याशा पडद्यावर उन्हामुळे धड काही दिसत नव्हतं, म्हणून तिनं सगळं लक्ष त्या दोन काळ्या ठिपक्यांवर ठेवलं. डोळे चौकटीत राहू देत. हात हलू नये. तिच्या गुडघ्याला काहीतरी लागलं. चित्र हललं. तिनं गुडघा बाजूला घेतला. डोळे, डोळे, डोळे. मणी फरशीवर सांडल्याचा आवाज आला. मग मुंगी भिंतीला टेकली, आणि हिनं डबी फेकून तिला कवेत घेतलं.

"मिळालं," ती सासूबाईंना ओरडून म्हणाली. "आई, मिळालं! सगळं मिळालं!"

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नुसते मणी गोळा करायला घेतले.

डॉक्टरबाईंच्या खोलीत तिघी गेल्या. मुंगी आजीच्या मांडीवर. डॉक्टरबाईंनी डबीतलं कार्ड काढून टेबलावरच्या मोठ्या पडद्याला जोडलं. मोठा केल्यावर चेहरा जरा फुटलाच होता, डोळ्यांच्या कडा विरघळलेल्या.

"डोळे नाही ना दिसत नीट?" हिनं विचारलं. "उजेड होता हो भरपूर, पण हा कॅमेराच..."

"थांबा." डॉक्टरबाई पुढे वाकल्या. मागे नेऊन पुन्हा लावलं. "हे बघा. हिला आधी कळतंय."

पडद्यावर मुंगी मान वर करून "आई" म्हणाली. तिचा चेहरा घाबरलेला होता. अंगणात कुत्रं अंगावर आलं की होतो तसा. मग चौकटीच्या खालच्या कडेने तिचा हात पुढे आला, बोटं पसरलेली, काहीतरी धरायला शोधत. तो हात आईच्या गुडघ्यापर्यंत पोचला. गुडघा बाजूला झाला. हात तसाच अधांतरी राहिला, मग हळूहळू मागे गेला आणि फ्रॉकची कड चिवडायला लागला.

"आधी भीती, मग हाताची चाळवाचाळव, मग झोप," डॉक्टरबाई म्हणाल्या. दोन पेनांतलं एक त्यांनी उचललं. "म्हणजे हा प्रकार. डोळे नसते दिसले तरी चाललं असतं. एवढं स्पष्ट मला कुणीच आणून दिलं नव्हतं. औषध आजपासून सुरू करू."

"बरी होईल?" सासूबाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही. कमी व्हावं अशी अपेक्षा. लागू पडतंय का ते कळायला परत असंच चित्रण लागेल."

"परत?" काउंटरताई म्हणाली.

"एखादा झटका आला तर. सुरुवातीपासून."

ती पडद्याकडे बघत होती. डॉक्टरबाईंनी चित्र थांबवलं होतं ते नेमकं हात अधांतरी असताना. "मी नाही काढणार," ती म्हणाली. "मला नाही जमायचं. मी नाही."

मग सासूबाईंनी मुंगीला हिच्या मांडीवर सरकवलं आणि टेबलावरची डबी उचलली. चष्म्याजवळ नेऊन, मग लांब धरून बघितली.

"उघडायचं कुठून हे?"

"आई, तुम्हाला दिसणार नाही..."

"मला कुठं बघायचंय? डॉक्टरांना बघायचंय. तू उघडायचं सांग."

बाहेर बाकावर बसून सासूबाई झाकण सरकवत होत्या, मिटत होत्या. "लागला का लाल दिवा?"

"लागला."

"आता?"

"आता बोट आलंय तुमचं पुढे."

"आजी, मी बंद पडू का?" मुंगीने उत्साहानं विचारलं. "म्हणजे तुझा सराव होईल."

"गप गं भवाने!" आजीने डोळे वटारले आणि मग तोंड फिरवून पदराने नाक पुसलं.

औषधाच्या खिडकीतून अजून हाक यायची होती. मुंगी आईच्या मांडीवर पाय हलवत बसली होती. हलवता हलवता पाय थांबले. तिनं हात पुढे केला, बोटं पसरलेली.

हिनं तो झडप घालून धरला. दोन्ही हातांनी. छातीशी. तिला कळेना, हा हात झटक्याआधीचा आहे की नुसताच पुढे केलेला. मुंगीच्या तोंडाकडे बघायचा धीर होईना.

"आई," ती सासूबाईंना कशीबशी म्हणाली, "झाकण सरकवा."

शेजारी झाकण सरकल्याचा आवाज आला.