पाठीशी एक भिंत

नोकरी मला उशिरा लागली. एम. ए. होऊन बरीच वर्षे घरात काढल्यावर, चाळिशीच्या तोंडाशी, चंद्रपुरातल्या एका लहानशा संस्थेने मला कामावर घेतले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बेघर कुटुंबांना स्वस्तातली घरे उभी करता यावीत म्हणून ही संस्था गावातल्या दुकानदारांकडून आणि ऊर्जानगरच्या वीज केंद्रातल्या नोकरदारांकडून देणग्या गोळा करी. मी त्या कुटुंबांना भेटायचे आणि त्यांचे म्हणणे समितीपुढे मांडायचे, असे काम ठरले होते. भेटणे मला जमे. मांडण्याच्या नुसत्या विचाराने तळहातांना घाम सुटे. मुलीने सभेत उभे राहून बोलावे अशी माझ्या वडिलांची, छप्पनच्या धम्मदीक्षेनंतरच्या आमच्या साऱ्या पिढीच्या वडिलांची असे तशी, फार इच्छा होती. विहारातल्या कार्यक्रमात मी एकदा उभी राहिले होते आणि रडत खाली बसले होते. त्यानंतर कोणी आग्रह केला नाही.

त्या वर्षी आमच्याकडे सात कुटुंबे होती. शहराच्या जुन्या परकोटाच्या दगडी तटाला टेकून त्यांच्या झोपड्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या होत्या. हिवाळ्यात त्या हटवल्या गेल्या आणि रेल्वे फाटकापलीकडच्या माळावर त्यांना जागा मिळाली. मदत दोन हप्त्यांत द्यायची असा संस्थेचा नियम होता. पहिल्या हप्त्यात विटा. प्रत्येक घराच्या चारही भिंती दाराच्या उंचीपर्यंत आल्या, की दुसऱ्या हप्त्यात छपराचे टिन आणि लाकूड.

होळी झाल्यावर संस्थेचे ओव्हरसियर बांधकामाच्या पाहणीला निघाले. मीही गेले. स्कूटर उभी करून त्यांनी माळाकडे पाहिले आणि खिशातून सात नावांची यादी काढली.

माळावर एक भिंत उभी होती. एकच. लांबलचक, रुंद, पुरुषभर उंचीच्याही वर गेलेली. सातही कुटुंबांच्या विटा तिच्यात गेल्या होत्या. तिच्या पुढ्यात बांबूचे तट्टे लावून सात खोल्या पाडल्या होत्या आणि वरून लुगडी, पोती ताणली होती.

"घरं कुठी हायेत?" ओव्हरसियरांनी शेवटी विचारले.

"हे काय!" एक बाई पुढे आली. ती रामाळा तलावावरची मासोळी गोल बाजारात विकायची. सगळे तिला मावशी म्हणत. "सात घरं हायेत, साहेब. मोजून घ्या."

"ही भिंत हाय, मावशी. परकोट बांधला का तुम्ही?"

लोक हसले. मावशी हसली नाही. "मंग पाठीशी काई नोको? परकोटाले टेकून आमच्या सासवा-आजेसासवांचा जलम निघाला. मागून वारा नाई, जनावर नाई. इथी आलो त रातभर पाठ उघडी वाटे. पयले पाठ झाकली. तीन बाजूंले तट्टे पुरतात."

ओव्हरसियर भिंतीजवळ गेले, हात लावून पाहिले. परत येताना ते मला हळूच म्हणाले, "मॅडम, काम वाईट नाही. पण आडव्या भिंतीचा आधार नाही. वादळ-वावधन सुटलं आणि ही पडली तर सातही घरांवर पडेल. मी 'नाही' असंच लिहिणार."

मी मान हलवली. त्यांचे म्हणणे खरे असावे अशी मला भीती वाटत होती.

मावशीने मला बाजूला घेतले. तिची मुलगी वैनगंगेकाठच्या एका गावात दिली होती. पहिलटकरीण; पाडवा झाला की सासरची माणसे तिला गडचिरोलीहून येणाऱ्या गाडीत बसवून बाळंतपणाला माहेरी आणून सोडणार होती. झोपडी हटल्याचे मावशीने त्यांना कळवले नव्हते.

"इहीन सोता येऊन राह्यली सोडाले," ती म्हणाली. "पोतं टांगलेलं पाह्यलं त पोरीले घेऊन वापस जाईन. जन्मभर तिले ऐकवन, तुह्या मायले घर नाई म्हणून. टिन भेटन नं, बाई?"

"मी बोलते," असे मी म्हणाले. त्या दोन शब्दांनी समितीच्या बैठकीपर्यंतची माझी झोप नेली. मी वाक्ये तयार केली, स्वयंपाक करताना ती पुटपुटले, त्यांतले कठीण शब्द काढले, पुन्हा घातले. मी बोलले आणि नकार आला, तर तो माझ्या बोलण्यामुळेच आला असे होईल. न बोलता आला, तर ते त्याहून वाईट.

बैठकीत ओव्हरसियरांनी पाहणी सांगितली. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते, स्वभावाने सज्जन. त्यांनी चष्मा काढला. "देणगीदारांना आपण काय दाखवायचं? आम्ही एक भिंत बांधली? अशानं पुढच्या साली कोण देईल?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं काही म्हणणं?"

मी उभी राहिले. तयार केलेल्या वाक्यांतले एकही सापडेना. टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहत मी म्हणाले, "त्यांतल्या एकीची मुलगी पहिल्या बाळंतपणाला येते आहे. पाडव्यानंतर." मग पुढचे काही सुचेना म्हणून पुन्हा तेच म्हणाले, "माहेरी येते आहे."

पंखा कुरकुरत होता. मी बसावे की उभे राहावे हे मला कळत नव्हते.

"पडेल का हो ती नक्की?" अध्यक्षांनी ओव्हरसियरांना विचारले.

"मागून विटांचे धिरे दिले तर बहुधा नाही पडणार. पण 'बहुधा'वर मी सही करत नाही."

"मग कोण करतं?"

समितीतले कोणी तरी थट्टेने म्हणाले, "मॅडम करतील. त्यांनीच तर बाजू मांडली." सगळे थोडे हसले आणि त्या हसण्यातच तो ठराव झाला. धिऱ्यांसाठी विटा द्याव्यात, टिन द्यावे, भिंतीची जबाबदारी कार्यकर्तीची. मी सही केली. माझे अक्षर एरवी चांगले आहे. ती सही मला स्वतःलाही ओळखू आली नसती.

मागून धिरे बांधून झाले, टिन चढले. शेवटच्या खोलीवरचे पत्रे ठोकून होत असतानाच मावशी मुलीला गाडीवरून उतरवून घेऊन आली; बरोबर मुलीची सासू, डोक्यावर बोचके. रस्त्यावरून ऊर्जानगरची बस धूळ उडवत गेली. धूळ बसल्यावर सासूबाईंनी समोर पाहिले: या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच भिंत, एकच छप्पर, आणि त्याखाली सात दारे.

"अवं माय!" त्या म्हणाल्या. "हे सारं तुमचं, इहीनबाई?"

मावशीने पापणीही न हलवता सांगितले, "मंग! आमचंच हाय सारं."

"आमी त किरायदार हावो," शेजारच्या दारातला म्हातारा गंभीरपणे म्हणाला. "भाड्यासाठी लय तरास देते वो ही बाई."

सासूबाई पाहुणचार घेऊन दुसऱ्या दिवशी समाधानाने परत गेल्या. नंतर बरेच दिवस मावशी त्या म्हाताऱ्याच्या दारात जाऊन भाडे मागत असे.

मला मात्र हसू येत नव्हते. मी रोज आकाशाकडे पाही. वैशाखात एका दुपारी वावधन सुटले. कार्यालयाची खिडकी निखळून पडली, रस्त्यावर कडुनिंब आडवा झाला. वारा उतरताच मी रिक्षा केली. फाटक बंद होते. कोळशाची मालगाडी संपता संपेना. डब्यांच्या फटींतून पलीकडचा माळ तुकड्यातुकड्यांनी दिसे आणि प्रत्येक तुकड्यात मी भिंत शोधत होते.

ती उभी होती. दोन पत्रे उडून माळावर पडले होते आणि ते आणायला पुरुष धावत होते. आत मावशीची मुलगी भिंतीला पाठ टेकून बाळाला पाजत होती. बाळ आठवड्याभराचेही नसेल. मी तिच्याशी बोलायचे सोडून भिंतीवरून हात फिरवू लागले, कुठे चीर आहे का ते पाहू लागले.

"काऊन वो बाई, भिंतीले ताप आला का?" मावशीने विचारले. मग माझा चेहरा पाहून ती जवळ आली. "बसा. टेका पाठ. लेकरू घ्या जरा."

मी बाळ घेतले. पाठ टेकवली, पण सगळा भार भिंतीवर टाकला नाही.

पुढे मी त्या संस्थेत बरीच वर्षे होते. समितीपुढे बोलणे हळूहळू जमू लागले. ती भिंत अजून आहे असे ऐकते. तरी वैशाखात वारा सुटला, की मी हातातले काम ठेवून उठते, आणि घरातले विचारतात, कुठे निघालीस.