रेहानाने मोकळी ठेवलेली जागा

रोह्याहून रेहानाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी शाळेतून नुकतीच घरी आले होते. सकाळी ती गेली, एवढंच तो सांगू शकला. फोन ठेवून मी घराच्या मधल्या चौकात येऊन बसले... दुसरीकडे कुठे बसावंसं वाटेना. पेणमधलं हे आमचं घर तिनेच आखलेलं. तिला जाऊन आता काही आठवडे झाले.

ती माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. पुढे मी शिक्षिका झाले, ती आर्किटेक्ट. आमची जागा म्हणजे दोन घरांच्या बेचक्यात सापडलेली लांबट पट्टी. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. खिडकी काढायची ती पुढे, नाहीतर मागे. जुन्या घरात भर दुपारीही दिवा लागायचा. त्या दिव्याखाली माझ्या सासूबाई गणपतीच्या मूर्तींची आखणी करत, म्हणजे डोळे रंगवत. जवळच्या जोहे गावातल्या कारखान्यातून मूर्ती घरी यायच्या. पण सासूबाईंची नजर अधू होत चालली होती, आणि आता हे काम सुटणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. घर पाडून नवं बांधायचं ठरलं तेव्हा मी रेहानाला बोलावलं.

ती आली आणि दिवसभर सासूबाईंच्या शेजारी बसून राहिली. मूर्ती त्या कशा फिरवतात, मान किती वाकवतात, हात कुठे अडखळतो, हे बघत. पुढच्या खेपेला तिने नकाशा आणला, तर घराच्या ऐन मध्यावर छप्परच नव्हतं. खाली फरशीचा चौक, भोवती खोल्या, भिंती पांढऱ्या, वर आभाळ.

माझ्या नवऱ्याला, सुधीरला, ते पटेना. आधीच जागा चिंचोळी, त्यातली एक खोली पावसाला द्यायची? वर स्लॅब टाकला तर मुलांची सोय होईल, असं त्याचं म्हणणं. रेहानाने वाद घातला नाही, पण नकाशाही गुंडाळला नाही. शेवटी सासूबाई बोलल्या.

"मला खोली नको गो. आणखी दोन वरसं डोळे आखता येतील, एवढा उजेड दे."

रेहाना सुधीरकडे वळली. "भाऊ, शेजारी उद्या मजले चढवतील. पण चौकावरचं आभाळ तुमचंच राहील."

सुधीरने नकाशा स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाला, "कर."

घर उभं राहिलं. पहिल्याच पावसाळ्यात चौकातलं पाणी खोल्यांत शिरायला लागलं, तेव्हा ती भर पावसात रोह्याहून आली. उभी राहून उंबरे चढवून घेतले, वरच्या छपराच्या कडा पुढे लांबवल्या. सासूबाईंनी दोन वर्षं मागितली होती. त्यांची आखणी अजून चालू आहे.

मग तिचं आजारपण आलं. पनवेलला उपचार घेऊन परतताना ती पेणला उतरायची आणि चौकाच्या पायरीवर आडवी व्हायची. शेवटचं आली तेव्हा फार थकली होती. "इथे डोळे मिटले तरी उजेड कळतो गं," एवढंच म्हणाली आणि तिला झोप लागली. मूर्तींचं काम खोळंबलं होतं, तरी सासूबाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला आणि मुलांना खुणेनंच गप्प केलं.

अजूनही दुपारी त्या पायरीवर ऊन आलं की त्यांचा ब्रश थांबतो. परवा सुधीर फोनवर मोठमोठ्याने बोलत आत आला. सासूबाईंनी वर न बघताच हात केला.

"हळू."

त्याने फोन बंद केला आणि पावलं न वाजवता, पायरीला वळसा घालून आत गेला.