उजेड अडवणारी बाई

महाडच्या शाळेत चित्रकला शिकवताना मी आयुष्यभर एकच गोष्ट ओरडून सांगितली : "डोळे बारीक करून बघा! रंग नंतर. आधी उजेड कुठे, अंधार कुठे ते बघा." मुलं डोळे बारीक करायची, बहुतेक माझी नक्कल म्हणून. निवृत्तीनंतर मी माणसांची चित्रं काढू लागलो आणि स्वतःला इतका थोर समजू लागलो, की डोळे बारीक करायची गरज मला उरली नाही.

उमरठच्या वरच्या वाडीतले, मुंबईत नोकरी करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या आईचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. आईचा एकटीचा फोटोच नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात कडेला उभी असलेली काळीसावळी बाई, तेवढीच. "सर, बाबा रोज विचारतात, आईचं चित्र कधी काढून घेणार. फक्त थोडी फेअर करा. आणि बॅकग्राउंड एकदम फ्रेश."

आमच्याकडे गेलेलं माणूस भिंतीवर चढताना दोन छटा उजळतंच. या रीतीचा मी निष्ठावंत पुजारी. पांढरा रंग फुकट मिळाल्यासारखा वापरला, गाल गुलाबी केले, मागे फिकट आकाशी फासला. सही मात्र ठसठशीत, काळीभोर.

श्राद्धाला आठ दिवस असताना चित्र चादरीत गुंडाळून एसटीने वाडीवर नेलं. म्हातारबाबा ओटीवर वाट बघत होते. मी चादर झोकात ओढली आणि कौतुक ऐकताना करायचा नम्र चेहरा तयार ठेवला.

बाबा पुढे आले, मागे गेले, मान तिरकी केली. "मास्तर, ह्यात माणूस कुठं हाय?" मग बोट कोपऱ्यावर टेकवून म्हणाले, "आनि ह्यो काळा किडा कसला?"

ती माझी सही होती.

लेकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, की बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशनला काही केल्या तयार होत नाहीत, नुसता उजेड-अंधार कळतो. मला रागच आला. हे आधी सांगायचं नाही का? त्या रागात डोळे बारीक झाले, अन् समोरच्या चित्रातली बाई आकाशात विरघळून गेली. चेहराही फिका, मागचं आकाशही फिकं. पाचवीच्या पोराला मी यावर कान धरून उभं केलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, त्या दिसायला कशा होत्या?" मी विचारलं. हे खरं तर सुरुवातीलाच विचारायला हवं होतं.

"काळी होती. तिची शेवटली दोन वर्सं तर मला तिचं तोंड दिसतच नव्हतं. पन ती दारात उभी रायली का घरात काळोख व्हायचा. मी वरडायचो, 'अडवलास गो उजेड, सर बाजूला!' तशीच वळखायचो तिला."

घरी येऊन ते आकाश मी खरवडून काढलं. मागे दार उघडलं, दुपारच्या फिकट पिवळ्या उन्हाने भरलेलं. सगळा पांढरा त्या दारात गेला. पुढे ती, गडद तपकिरी, सावलीत थोडा निळा, पदराच्या कडेला आणि एका गालावर उन्हाची बारीक रेघ. सही चित्राच्या पाठीमागे केली, शिसपेन्सिलीने.

श्राद्धाच्या दिवशी चित्र ओटीवर धरून उभा राहिलो. लेक कुजबुजला, "सर, जरा जास्तच डार्क झाली का?" यावेळी कसलाच चेहरा तयार नव्हता.

बाबा आले. कपाळावर आडवा हात धरला.

"अडवलास गो उजेड," ते हळूच म्हणाले.

'सर बाजूला' असं मात्र म्हणाले नाहीत.