बाबांचा दम

माझे बाबा वेदपाठी. काशीत संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर आहे आणि पाठांतर हाच आमच्या घराण्याचा पिढीजात उद्योग. घनपाठात मंत्रातले शब्द पुढे-मागे, उलटसुलट गुंफून म्हणायचे असतात. त्यातली लांबलचक ओळ बाबा एका दमात म्हणून टाकत. आवाजापेक्षा त्यांना दमाचाच अभिमान जास्त. मी मुलींच्या इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, हिंदीतून जीवशास्त्र शिकवते. आई म्हणते, "एकाचं पोट श्वास घेण्यावर चालतं नि दुसरीचं श्वास कसा घेतात ते सांगण्यावर."

दोन वर्षांपूर्वी थंडी सुरू होत असतानाची गोष्ट. सकाळी पाठ म्हणताना बाबा ओळीच्या मध्येच थांबले. खोकल्याचं नाटक केलं, पाणी प्यायले आणि पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग घाटावरून वर येताना ते पायऱ्यांवर थबकू लागले. आईने विचारलं तर म्हणाले, "गंगा बघतोय."

"जन्मभर बघताय, आजच काय नवीन दिसलं?"

"तुला नाही कळायचं ते."

मला मात्र काळजी वाटायला लागली. छातीचं काही दुखणं असेल म्हणून मी डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर बाबांनी कपाटातून करोनाच्या दिवसांत घेतलेलं यंत्र काढलं. बोटाला चिमट्यासारखं लावायचं ते छोटं यंत्र. त्यांनी ते लावलं आणि आकडा माझ्यापुढे नाचवला. अठ्ठ्याण्णव!

"शंभरात दोनच कमी! तुझ्या वर्गातल्या मुलींना मिळतात का एवढे?"

त्यानंतर ते यंत्र त्यांच्या बंडीच्या खिशातच राहायला लागलं. दम लागला की चौथऱ्यावर टेकायचं, यंत्र लावायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचं. शेजारच्या पुजाऱ्यांनीही आपलं बोट पुढे केलं. त्यांचे पंच्याण्णव आले, तेव्हा बाबांनी त्यांना प्राणायामाचा उपदेश केला. तो करतानाही ते धापा टाकत होते.

मी चक्रावले. फुफ्फुसं चांगली, आकडा चांगला, मग माणसाला दम का लागतो? एक दिवस ते गच्चीवर उन्हात बसले होते. मी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून लालसर असायला हवी होती, पण ती चक्क पांढुरकी होती. नखं तशीच. आई म्हणाली, "महिन्याभरापासून जीभ चरचरते म्हणतात. भाजीत मिरची टाकू देत नाहीत."

"बाबा, रक्त तपासायला हवं."

"श्वासाचा आणि रक्ताचा काय संबंध? श्वास छातीत, रक्त अंगात."

हा प्रश्न मला वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतं, पण विचारणारे बाबा असल्यामुळे पुस्तकातलं उत्तर चालणार नव्हतं. समोर शिंदे घाटाच्या बाजूला नावा लागलेल्या दिसत होत्या. मी म्हटलं, "पलीकडच्या वाळूत जायला माणसं घाटावर येतात ना? तशी हवा छातीत येते. फुफ्फुसात बारीक बारीक फुगे असतात आणि त्यांच्या अंगाला खेटून रक्ताच्या नळ्या. मध्ये पडदा इतका पातळ, की प्राणवायू सहज पलीकडे जातो. पण तिथून पुढे त्याला न्यायला नाव हवी. रक्तातल्या लाल पेशी म्हणजे त्या नावा. प्राणवायू बसवून पायापर्यंत, मेंदूपर्यंत न्यायचा, उतरवायचा आणि परत यायचं."

"मग? माझ्या नावा भरलेल्या आहेत," बाबांनी यंत्र बोटाला लावलं. " अठ्ठ्याण्णव!"

"भरलेल्याच आहेत. यंत्र तेवढंच सांगतं. घाटावर नावा किती उरल्यात ते नाही सांगत. चारच नावा उरल्या आणि चारही भरून निघाल्या, तरी आकडा हाच येणार. पण पलीकडे माणसं किती पोचतील?"

बाबांनी बोटावरचं यंत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हे म्हणजे घाटावर उभं राहून अर्धंच बघणारं आहे," ते म्हणाले. "चल, कुठे जायचं ते सांग."

तपासणीत हिमोग्लोबिन निम्म्याच्या आसपास निघालं. डॉक्टर पक्के बनारसी. अहवाल बघत त्यांनी विचारलं, "पंडितजी, दूध-दही लेते हैं?"

बाबा ताठ बसले. "बरसों से छोड़ दिया. कफ करता है. साँस और गला, दोनों खराब होते हैं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तो साँस बचाने के लिए छोड़ा था?"

आई पदराआड हसायला लागली. मलाही हसू आवरेना. बी-बारा नावाचं जीवनसत्त्व लाल पेशी घडवायला लागतं आणि शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूधदुभत्यातूनच मिळतं. दम टिकावा म्हणून बाबांनी चहासुद्धा कोरा घ्यायला सुरुवात केली होती. शरीरातला साठा इतकी वर्षं पुरला आणि मग संपला. पायाला मुंग्या येतात हेही त्यांनी डॉक्टरांपुढेच पहिल्यांदा कबूल केलं.

इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्या दोन-तीन इंजेक्शनांनंतर ते मिरचीची भाजी मागू लागले. मग एका सकाळी मलईयोवाल्याची हाक आली. मलईयो म्हणजे आमच्याकडे थंडीत मिळणारा केशरी दुधाचा फेस. बाबा स्वतः खाली उतरले, तिथेच उभं राहून मातीचं एक कुल्हड संपवलं, दुसरं आईसाठी घेतलं आणि जिना चढता चढता तेही अर्धं खाल्लं. आई रागावली नाही. जिन्यात ते कुठेच थांबले नव्हते हे तिने ऐकलं होतं.

पौष संपता संपता लांब ओळ पुन्हा सलग यायला लागली. मग त्यांनीच मला विचारलं, "नावा परत येताना रिकाम्या येतात का?"

मी सांगितलं, "रिकाम्या नाहीत, पण परतीचा बराचसा माल नावेत बसतच नाही. कार्बन डायऑक्साइड बहुतेक रक्ताच्या पाण्यात विरघळून, रूप बदलून येतो आणि फुफ्फुसाशी आला की पुन्हा वायू होऊन उच्छ्वासात निघून जातो."

"दाखव."

म्हणून मी त्यांना कॉलेजात घेऊन गेले. पानाचा चुना पाण्यात ढवळून, वरची स्वच्छ निवळी दोन ग्लासांत काढली होती. एकात मी सायकलच्या पंपाने साधी हवा सोडली. निवळी तशीच राहिली. दुसऱ्यात बाबांनी नळीतून फुंकायला सुरुवात केली. ते एकाच दमात फुंकत राहिले, इतका वेळ की मुली बाकांवर उभ्या राहिल्या. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ग्लासातलं पाणी पांढरं, दुधाळ झालं. वर्गात टाळ्या झाल्या आणि बाबांनी वेदसभेत करतात तसा नमस्कार केला.

मग एका मुलीने हात वर केला. "दादाजी, आप साँस कितनी देर रोक सकते हैं?"

पैज लागली. दोघांनी नाक धरलं. बाबांचा चेहरा लाल झाला, डोळे मोठे झाले आणि शेवटी "हुश्श" करून त्यांनी तोंड उघडलं. मुलगी शांत बसून होती. आणखी थोडा वेळ रोखून मग तिने श्वास सोडला. ती लहानपणापासून गंगेत बुड्या मारते, हे नंतर कळलं.

"प्राणवायू संपला माझा," बाबा म्हणाले.

"नाही," मी सांगितलं, "तो अजून भरपूर होता. जीव घाबरतो तो आत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. हिला त्याची सवय आहे."

"म्हणजे सवय करता येते!"

परत येताना ई-रिक्षात ते एकदम गप्प झाले. पाहते तर गाल फुगलेले, डोळे मिटलेले, नाक बोटांत धरलेलं. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं आणि घाबरून रिक्षा बाजूला घेतली. "दीदी, बाबा के तबियत ठीक बा न?"

मी म्हटलं, "एकदम ठीक बा, भइया. चला."